छबूबाईचं इटालियन

लढाई संपली आणि माणसं घरी येताना काय काय घेऊन आली. कुणी पलटणीतली जाड घोंगडी आणली, कुणी हिवताप आणला, श्रीगोंद्याकडच्या एकानं म्हणे ग्रामोफोन आणला. आमचे हे म्हणजे कोल्हारच्या शाळेचे शामकांत मास्तर. हे लढाईवर गेलेच नव्हते. शाळेतून रजा काढून नगरच्या छावणीत इटालियन कैद्यांच्या कोठीवर कारकून म्हणून राहिले होते. परत येताना इटालियन भाषा घेऊन आले. घोंगडी आणली असती तर थंडीत उपयोगी पडली असती, असं मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही माझं तेच मत आहे.

कैद्यांत एक खेड्यातला शाळामास्तर होता. दोन मास्तर एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? त्यानं ह्यांना शिकवलं, ह्यांनी त्याला शिकवलं. तो आफ्रिकेतून धरून आणलेला, बायकामुलं तिकडे इटलीत, हा इकडे, आणि दोघं बसून क्रियापदं चालवायचे. ते त्याच्या डोक्यातून ह्यांच्या डोक्यात उतरलं आणि मग आमच्या घरात. सकाळी आंघोळीला पाणी काढलं की "आक्वा". भाकरी वाढली की "पाने". मी म्हणायची, पानं नाहीत घरात, खायची असली तर बाजारातून आणा.

गावात कुणी ओट्यावर टेकला की ह्यांची गाडी सुरू. "अहो, काय गोड भाषा! प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर. इंग्रजीसारखं तोंड मिटून संपवायचं नाही, उघड्या तोंडानं संपवायचं. म्हणून तर ते लोक बोलले तरी गायल्यासारखं वाटतं. आणि लिहायचं तेच बोलायचं, उगीच मुकी अक्षरं फारशी नाहीत. त आणि द आपल्यासारखे स्वच्छ, दातांना जीभ लावून. मात्र जोडाक्षर दाबून म्हटलं पाहिजे. आपल्यात खडा वेगळा, खड्डा वेगळा, तसंच त्यांच्यात!" समोरचा माणूस आलेला असायचा पोराच्या दाखल्यासाठी. तो मान हलवायचा आणि हळूच दाखल्याचं काढायचा. गावानं ह्यांचं नाव इटलीमास्तर ठेवलं. ह्यांना ते आवडायचं, हे आणखी एक.

छबूबाई आमच्या घरामागच्या मळ्यातली. तिच्या दारात एक जुनी चिंच होती, मळा पाटाच्या पाण्याखालचा, थोडा ऊस, थोडी बाजरी. नवरा तरुणपणीच गेलेला. एकच मुलगा, राधाकृष्ण. गावासाठी राधाकृष्ण, तिच्यासाठी राधू. तो मराठा पलटणीत भरती झाला तेव्हा तिनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती. आफ्रिकेतून पलटण इटलीत गेली. तिथं, लढाई संपायला थोडंच राहिलं असताना, कुठल्याशा नदीच्या काठी तो गेला. तार आली. हे तेव्हा नगरहून सुट्टीवर आले होते, तार वाचून दाखवायला आमच्याच ह्यांना बोलावलं होतं.

छबूबाईनं तार मानली नाही. "कागदावर काय बी लिवत्यात," म्हणाली. तिच्या दिरानं, आबासाहेबांनी, दिवस घालायचा विषय काढला तेव्हा तिनं विळी उचलली होती असं सांगतात. मी तेव्हा तिथं नव्हते, पण मला ते खरं वाटतं. वर्ष गेलं. राधूचे दिवस घातले नाहीत, छबूबाई रडली नाही, आणि त्या घरात सणवार काही झाला नाही. आबासाहेब वाईट माणूस नव्हते. पण घरात एक मेलेला माणूस ना आत ना बाहेर असा ताटकळत ठेवलेला, ह्याचं त्यांना भय वाटायचं. पोराला गती नको का, एवढंच ते ज्याला त्याला म्हणायचे.

मग पावसाळा सरल्यावर कानिफनाथ आला. तो राधूच्या तुकडीतला, श्रीगोंद्याजवळच्या खेड्यातला. पलटणीतून सुटून आल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. छबूबाईच्या अंगणात तो बाजेवर बसला, गाव गोळा झालं, आम्हीही गेलो.

"मावशी," तो म्हणाला, "राधू गेला हे खरं हाय. मी त्याला उचलून नेल्ता. पोटाला लागलं हुतं. नदीच्या अंगाला एक शेतकऱ्याचं घर हुतं, तिथं ठिवला. डाक्तर यायला उशीर लागनार हुता. आमाला पुढं जायचा हुकूम झाला."

"येकटा टाकून गेलात?" छबूबाईनं विचारलं.

"येकटा न्हाई. घरात येक म्हातारी हुती. ती त्याच्या उशाशी बसली. राधूला त्यांची बोली लई झटक्यात आल्ती, आमच्यात सगळ्यात फाडफाड त्योच बोलायचा. ताप डोक्यात गेल्यावर मराठी बोललाच न्हाई बगा. तिच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत हुता. तिचा हात धरून माम्मा, माम्मा म्हनायचा. म्हंजी आई. काय तरी मागत हुता तिच्यापाशी. काय ते मला समजलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मागारी आलो तवर समदं आटपलं हुतं."

आणि आमच्या ह्यांना तेवढ्यात सुचलं. "बरोबर. माम्मा. दोन म. दाबून म्हणायचं. आपल्या मामाशी त्याचा संबंध..." मी ह्यांच्या कोपराला असा चिमटा काढला की हे पुढचे दोन दिवस बाही खाली ओढून हिंडत होते.

छबूबाई मात्र ह्यांच्याकडे बघत राहिली. तार आली तेव्हा तिचा चेहरा जसा होता तसाच होता, पण आता तिनं मानलं होतं. ते दिसतच होतं. तिनं कानिफनाथाला भाकरी वाढली, त्याच्या आईची चौकशी केली, आणि आबासाहेबांना म्हणाली, "भावजी, भटजीला इचारा. दिवस घालू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. सोबत सुपात बाजरी, निवडायला. मी पाणी दिलं. ती ह्यांना म्हणाली, "मास्तर, मला ती बोली शिकवा."

ह्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठली बोली?"

"राधूची. ज्यात तो शेवटी बोलला."

"कशासाठी, छबूबाई?"

तिनं बाजरी निवडत निवडत सांगितलं, जसं उद्याच्या कामाचं सांगावं तसं. दहाव्याला पिंड मांडल्यावर कावळा शिवला नाही की माणसं मेलेल्याला काय हवं ते विचारतात. तुझी बायको सांभाळू, तुझं शेत करू, असं कबूल करतात. ज्यात जीव अडकला ते कबूल केलं की कावळा येतो. हे सगळं तुमच्या-आमच्या बोलीत. पण तिचा राधू काहीतरी मागत होता ते तिकडच्या बोलीत. मराठी तो शेवटी बोललाच नाही. "मग मी आपल्या बोलीत इचारलं तर त्याला कसं उमजावं? मागनं त्या बोलीत, इचारनं ह्या बोलीत. माझा राधू तिथंच लटकून ऱ्हाईल. मला त्याला त्याच बोलीत इचारायचं हाय, बाळा तुला काय पायजे."

हे सुधारकी मताचे. कावळा, पिंड, मुहूर्त ह्यांवर ह्यांचा विश्वास नव्हता, आणि तसं ते चारचौघांत सांगायचेही. "छबूबाई, आईची भाषा कुणी विसरत नसतं. आणि मुळात कावळा हा पक्षी..." असं म्हणून ह्यांनी सुरुवात केली. मी सुपारी कातरत होते, अडकित्ता खाली ठेवला.

"अहो," मी म्हटलं, "सगळ्या गावाला न मागता शिकवलंत. पाटकऱ्याला शिकवलंत, न्हाव्याला शिकवलंत, माझ्या माहेरी जाऊन माझ्या आंधळ्या आत्याला शिकवलंत. आज पहिल्यांदा कुणीतरी मागतंय, तर तुम्हाला कावळ्याचं शास्त्र आठवलं?"

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शिकवायला बसले.

पण मास्तर तो मास्तरच. पाण्याला काय म्हणतात हे सांगायच्या आधी भाषेचा जन्म सांगितला पाहिजे. "आपल्याकडे संस्कृत होती, तिची प्राकृत झाली, प्राकृतातून मराठी आली. तशी त्यांच्याकडे लॅटिन होती. पंडितांच्या लॅटिनपेक्षा बाजारातली, शिपायांची लॅटिन वेगळी बोलली जायची. तिच्या प्रत्येक खोऱ्यात वेगळ्या बोली झाल्या. उत्तरेच्या शेतकऱ्याचं दक्षिणेच्या शेतकऱ्याला कळत नाही. मग तोस्काना म्हणून एक प्रांत आहे, त्याची बोली ग्रंथांची झाली आणि शाळेत आली. जसं आपलं पुण्याचं."

"ती म्हातारी शाळेतलं बोलत आसंल?" छबूबाईनं विचारलं.

"नसेल. खेड्यातली म्हातारी, तिच्या खोऱ्यातलं बोलत असेल."

"मग बरं," ती म्हणाली. "मला तरी कुठं शाळेतलं येतंय."

ती रोज दुपारी यायची, हातात काही ना काही काम घेऊन. हे सांगायचे, ती म्हणायची, मी ऐकायची. आणि खरं सांगायचं तर त्या दुपारींत मला पहिल्यांदा त्या भाषेचा राग येईनासा झाला. कारण छबूबाई भलतेच प्रश्न विचारायची. हे म्हणाले, त्यांच्यात ख, घ, भ असे श्वास सोडून म्हणायचे वर्ण नाहीत, ण नाही, ळ नाही. ती म्हणाली, "ळ न्हाई? मग बाळाला काय म्हनत्यात?" हे म्हणाले, बाम्बिनो. तिनं दोनतीनदा म्हणून बघितलं आणि मान हलवली. "जड हाय," म्हणाली, "पर चालंल."

दुसऱ्या दिवशी लिंगांवरून अडलं. हे म्हणाले, "तो आणि ती, दोनच. ते नाहीच. टेबल तो, खुर्ची ती. सगळ्या वस्तू ह्या दोघांत वाटून टाकल्यात." छबूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आन लेकरू? लेकरू तर ते. तो बी न्हवं, ती बी न्हवं. लेकराला त्यांनी कुठं ठिवलं?"

हे आत जाऊन पाणी पिऊन आले. मग म्हणाले, "छबूबाई, ते नाही, पण त्यांच्याकडे दुसरी सोय आहे. शब्दाला मागून एक शेपूट लावायचं, की तो शब्द लहान होतो आणि लाडका होतो. घर असलं तर घरकुल होतं. मुलगा असला तर..." आणि ह्यांनी तो शब्द म्हटला, फिल्ल्योलो. ल्ल्यो म्हणताना जीभ टाळूला चिकटवायची आणि हळूच सोडायची. छबूबाईनं तोंडात घोळवला. त्या दिवशी ती दुसरं काही शिकली नाही, तेवढंच म्हणत घरी गेली.

एकदा तिनं विचारलं, "त्याला मी तुमी म्हनायचं का तू?" हे खुलले. त्यांच्यात वडीलधाऱ्याला, परक्याला मानाचं वेगळं आहे, आणि घरच्याला वेगळं. आणि घरचं जे आहे ते तूच. शब्द तोच. "तू!" हे टाळी वाजवून म्हणाले. "अहो, ही मराठीची लांबची बहीण आहे. सात म्हणजे सेत्ते, आठ म्हणजे ओत्तो, नऊ म्हणजे नोवे. दाताला म्हणतात देन्ते. हजारो वर्षांपूर्वी एकाच चुलीपाशी बसलेली माणसं असणार ही."

"लांबची भन," छबूबाई म्हणाली, "मग येवढ्या लांब कशाला मारायला नेल्ती पोरं?"

आबासाहेब एकदा येऊन गेले. टोपी हातात घेऊन ओट्याच्या खाली उभे राहिले, वर बसले नाहीत. "मास्तर, लोकं हसत्यात. वैनी पान्याला जाता जाता काय तरी पुटपुटत्यात. बाया म्हनत्यात डोस्क्यावर परिनाम झालाय."

"आबासाहेब, माझ्या डोक्यावर झाला तेव्हा कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं," हे म्हणाले. आयुष्यात ह्यांनी इतकं चांगलं उत्तर फार थोड्या वेळा दिलं असेल. आबासाहेब हसले नाहीत, पण परतही आले नाहीत.

छबूबाई माझ्याशी एकदाच मोकळेपणी बोलली. हे शाळेत होते. तिनं विचारलं, "मास्तरीनबाई, आईला हाक मारायला त्याला माझं त्वांड आठवलं आसंल, का तिचं?"

मी म्हटलं, "तुमचंच, छबूबाई. तापात माणूस समोरच्याला ओळखतो कुठं?"

"मग हाक माझ्या बोलीत का न्हाई मारली?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती अशी बाई होती की जवळ घेतलं असतं तर उठून गेली असती. मी तिच्या सुपातली बाजरी निवडायला लागले. पुढच्या दुपारी आली ती पुन्हा शिकायलाच.

दहाव्याच्या दिवशी आम्ही सगळे प्रवरेवर गेलो. भटजींनी आधी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देववला होता, कारण राधूच्या देहाचं तिकडे काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथून दिवस मोजून हा दहावा. आबासाहेबांनी क्षौर केलं, पिंड केले, भटजींनी मंत्र म्हटले. कानिफनाथ पुन्हा आला होता. बायका काठावर वरच्या अंगाला बसल्या, मी छबूबाईच्या शेजारी. पिंड मांडून माणसं मागं सरली.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर चांगले पाचसहा होते. एक खाली उतरला, पिंडाच्या भोवती फिरला, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेला.

आबासाहेब हात जोडून पुढं झाले. "राधू, तुझ्या आईला अंतर देनार न्हाई. माझ्या पोरांच्या आधी तिच्या ताटात वाढीन." कावळा आला नाही. "मळा इकनार न्हाई. तुझ्या नावानं चिंचेखाली पार बांधतो." नाही. कानिफनाथ पुढं आला. "राधू, तुला सोडून गेलो. हुकूम हुता रं. मला माफ कर." आणि तो मोठा मिशाळ गडी तिथंच खाली बसून रडला. तरी नाही. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववण्याचं सुचवलं, तशी सोय शास्त्रात आहे म्हणाले. आबासाहेबांनी छबूबाईकडे पाहिलं.

ती उठली. पदर खोचला, पिंडापाशी गेली आणि उभी राहिली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. तिचं काही चुकू नये, एवढंच माझ्या मनात होतं, जणू तिची परीक्षा होती.

"फिल्ल्योलो," ती म्हणाली. "सोनो क्वी." बाळा, मी इथं आहे. "के व्वोई?" तुला काय हवं?

स्पष्ट, मोठ्यानं. व्वो तर आमचे हे शिकवतात त्याच्यापेक्षाही दाबून. बायकांत कुणी हसलं नाही.

"आक्वा?" तिनं विचारलं. पाणी? "पाने?" भाकर? तिनं पिंडाजवळच्या तांब्यातलं पाणी पिंडावर घातलं. "के व्वोई, फिल्ल्योलो?"

बाभळीवरचे कावळे जागचे हलले नाहीत. तिला येत होतं ते सगळं तिनं म्हटलं. मग तेच पुन्हा म्हटलं. मग तिच्याजवळ शब्द उरले नाहीत. ती तशीच उभी राहिली, आणि वळून ह्यांच्याकडे बघितलं.

आमचे हे, कावळ्यावर विश्वास नसलेले, गर्दीतून पुढं गेले. वहाणा काढल्या. पिंडासमोर उकिडवे बसले आणि बोलायला लागले. मी इतके दिवस ह्यांचं इटालियन ऐकत होते, पण त्यात कधी कुणाशी बोलणं नव्हतं, नुसतं दाखवणं होतं. त्या दिवशी हे बोलत होते. हातही एरवीसारखे त्या लोकांच्या ढंगात हलत नव्हते, गुडघ्यांवर होते. काय बोलले ते मला समजलं नाही. राधूचं नाव मात्र येत होतं मधूनमधून.

कावळा आला नाही.

छबूबाई खाली बसली. पिंडाकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून. भटजींनी दर्भ हातात घेतला होता, आबासाहेब "वैनी, आता ऱ्हाऊ द्या" म्हणत होते. तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, त्याला न्हाई. त्याला सोडा आता. तिला सांगा."

"कुणाला, छबूबाई?"

"त्या बाईला. ती हाय ना तिकडं अजून. तिला सांगा, मी राधूची आई. कोल्हारची."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हे नदीकडे वळले आणि सांगितलं.

"तिला सांगा, तो तिला आई म्हनला त्याचा मला राग आल्ता. तिनं माझं लेकरू माझ्या बोलीतनं काडून नेलं, आसं वाटलं. लई राग आल्ता. कुनाला सांगितलं न्हाई."

ह्यांनी सांगितलं. हळूहळू, शब्द जुळवत.

"तिला सांगा, त्याला पोटाला लागलं हुतं, तिनं त्याला हात दिला. माझा हात तिथवर पोचला नसता. त्या हातानंच तो झोपला. तिचं भलं हू दे."

आणि मग ती थांबेचना. इतके दिवस न बोललेली बाई, ती सांगत सुटली. राधू लहानपणी कसा रडायचा, टाळूवर तेल चोळलं की कसा गप व्हायचा, त्याला दुधावरची साय आवडत नाही, गार पाणी दिलं की घसा धरतो. धरतो म्हणाली, धरायचा नाही म्हणाली. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही. हे एकेक वाक्य ऐकून घ्यायचे आणि तिकडच्या बोलीत सांगायचे. सायीला शब्द सापडेना तेव्हा काय काय बोलून, हातानं दाखवून सांगितलं. नदीच्या पाण्याला सायीचं हातानं दाखवणारा हा माणूस माझा नवरा आहे, ह्याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

कावळा कधी उतरला ते मी पाहिलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "शिवला! शिवला!" आबासाहेबांनी हात जोडले, बायका उठल्या, भटजींनी दर्भ खाली ठेवला. दोन कावळे पिंडावर होते, तिसरा येत होता. माणसं घरी जायला वहाणा शोधायला लागली.

छबूबाईनं मागं वळून बघितलं नाही. आबासाहेब तिच्याजवळ गेले, "वैनी, शिवला. सुटला राधू," म्हणाले. तिनं हात वर केला.

"थांबा. आमचं झालं न्हाई अजून." मग ह्यांना म्हणाली, "मास्तर, तिला इचारा, तिला लेकरं किती? तिची बी लढाईवर गेल्ती का? घरी आली का समदी?"

हे घुटमळले. सांगणं वेगळं होतं, हे विचारणं होतं. पण तिनं "इचारा की" म्हटलं, तसं ह्यांनी पैलतीराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं. वहाणा हातात घेतलेली माणसं जागच्या जागी थांबली. आबासाहेब थांबले, भटजी थांबले, कानिफनाथ उठून उभा राहिला. आणि आम्ही सगळे, शहाणीसुरती माणसं, प्रवरेच्या काठावर उत्तर ऐकायला गप्प उभे राहिलो.